तिकडनं उत्तर आलं पाहिजे

"नाना, तीन नंबरचा कॉम्प्युटर दिसत नाहीये," असं फोनवर सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "त्याच्यासमोर बसलेला मानूस दिसतोय काय?"

पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "माणूस दिसतोय हो, कॉम्प्युटर दिसत नाही." तर म्हणाले, "नीट बगा. हलतोय ना? बोलतोय ना?" आमच्याकडे तीन नंबरवर कारकून घरत बसतात. घरत तेव्हा पुडीतले शेंगदाणे एकेक करून तोंडात उडवत होते. मी तसं सांगितलं. "मंग ठीक हाय, निघतो मी," नाना म्हणाले आणि रेवसहून स्कूटर काढून पाऊण तासात अलिबागला हजर झाले.

मी टायपिस्ट आहे. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वकीलसाहेबांचं ऑफिस आहे, तिथे. पाच कॉम्प्युटर, सगळे एकमेकांना वायरने जोडलेले. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळी कागदपत्रं साहेबांच्या केबिनमधल्या मशीनवर राहतात आणि बाकीच्या चौघांनी ती आपापल्या जागेवरून उघडायची, असा बेत. प्रिंटर माझ्या टेबलाला. बेत चांगला आहे, पण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी कोणाला तरी ओळखेनासं होतं. काल उघडत होतं ते आज उघडत नाही. पासवर्ड माग, परवानगी नाही म्हण, नाहीतर सरळ गायबच हो. मग नाना. तसे ते दर मंगळवारी अकराला येतातच, मध्ये अडलं की फोन.

माणूस साठीच्या पुढचा, काटकुळा, कानावर पेन्सिल. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात वायरमन म्हणून गेला. कॉम्प्युटर शिकले ते पन्नाशी उलटल्यावर, आपले आपणच. पिशवीत टॉर्च, पक्कड, स्पिरिटची बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने वायरींच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, तो ते ब्रशाने खसाखसा घासतात. घासताना मशीनशी पुटपुटतात. "तोंड धुवत न्हाईस नि म्हनतोस बोलत का न्हाय कोनी माज्याशी."

त्यांचा खरा राग एव्हरीवनवर. कुठला फोल्डर कोणी उघडायचा याची कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते. तिच्यात 'एव्हरीवन' असं टाकलं की कोणीही यावं, काहीही उघडावं. घरतांनी एकदा कंटाळून तसं केलं होतं. नानांनी ते बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"एव्हरीवन म्हंजे कोन?"

"सगळे," घरत म्हणाले.

"सगळे म्हंजे कोन? नाव सांगा. अख्ख्या रेवसात मना एव्हरीवन नावाचा एक मानूस दाखवा, मी त्याला परवानगी देतो."

मग त्यांनी यादी पुसली आणि पाचही जणांची नावं एकेक करून घातली. माझं घालताना वळून विचारलं, "बाई, तुमचं माहेरचं लावू का सासरचं?" असा माणूस.

विंडोजच्या अपडेटबद्दल बोलायला लागले की त्यांना थांबवणं कठीण. "अपडेट म्हंजे आगाऊ पावना. येतो, चांगला जेवतो, नि जाताना आपल्या घरातल्या भांड्यांच्या जागा बदलून जातो. मंग आपन आपल्याच घरात चमचा शोदत बसायचं." हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

पण या सगळ्याहून मला कोडं पडलं होतं ते त्यांच्या तपासणीच्या पद्धतीचं. मला चौकशा फार. घरात मला 'पंचनामा' म्हणतात. तर पद्धत अशी. दुरुस्ती झाली की दुसरा कोणी 'दिसतंय, दिसतंय' म्हणून हात झटकेल. नानांना ते चालत नाही. ते एका मशीनवरून साध्या नोटपॅडमध्ये एक प्रश्न लिहून ठेवतात. दुसऱ्या मशीनवरच्या माणसाने ती फाईल उघडून, खाली उत्तर लिहून, जपून ठेवायची. मग नाना पहिल्या मशीनवर ते उत्तर वाचणार. वाचता येतंय, लिहिता येतंय, दोन्ही सिद्ध. इथवर शास्त्रशुद्धच म्हणायचं. पण प्रश्न काय? "आज काय जेवलात?" "घरच्या आंब्याला मोहर आला का?" "सासूबाईंचा गुडघा कसा हाय?"

घरतांनी एकदा नुसतं 'ok' लिहिलं. नाना तरातरा त्यांच्या टेबलापाशी. "ओके तर मशीन पन म्हनतं. तुमी हाय कशावरनं?" शेवटी घरतांनी 'वांग्याची भाजी, भात, कालची आमटी' असं लिहिलं तेव्हा कुठे नानांनी पेन्सिल कानावरून काढून आपल्या वहीत टिक मारली. "दिसतंय त्याला काय अर्थ न्हाय. तिकडनं उत्तर आलं पायजे," हे त्यांचं पालुपद.

आणि मजा म्हणजे, पूर्वी हे काही नव्हतं. पाच वर्षं येतायत आमच्याकडे. पहिली दोन वर्षं गपचूप यायचे, टेबलाखाली शिरायचे, दहा मिनिटांत काम करून चहासुद्धा न घेता पळायचे. "घरी वाट बगतात," एवढंच म्हणायचे. हे 'आधी माणूस बघा' आणि हे जेवणाचे प्रश्न गेल्या तीन वर्षांतले. साहेब म्हणायचे, वय झालं. घरत म्हणायचे, एकट्या माणसाला गप्पा लागतात. मला दोन्ही पटत नव्हतं. म्हणजे बोलका म्हातारा मी पाहिलेला आहे, माझे सासरे आहेत. बोलका म्हातारा स्वतःचं सांगतो. नाना स्वतःचं चकार शब्द सांगायचे नाहीत, फक्त तुम्ही धडधाकट आहात ना एवढी खात्री करून घ्यायचे. याच्या मुळाशी काय आहे, हे मला कळल्याशिवाय राहवेना.

तेवढ्यात ऑफिसात धाकट्या मॅडम आल्या. साहेबांची सून. वकिलीच करतात, मुंबईत करत होत्या, आता सासऱ्यांचं ऑफिस सांभाळायला इकडे. बाई हुशार, कामाला वाघ, आणि मनाने वाईट अजिबात नाही, हे आधीच सांगते. पण पहिल्याच मंगळवारी नानांनी त्यांना समोर उभं राहून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "झोप नीट झाली न्हाय वाटतं?" मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मॅडमनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, मुंबईची एक कंपनी आहे, तिथे बसूनच आपले कॉम्प्युटर दुरुस्त करते, पाच मिनिटांत. हे गृहस्थ सबंध सकाळ घेतात. "एक महिना बघू. तुम्ही टिपण ठेवा, बोलण्यात किती वेळ जातो आणि कामात किती. नानांनाही मी तसं सांगितलंय." खरंच सांगितलं होतं. नाना म्हणाले, "बगा, बगा. बरोबर हाय तुमचं." पण त्या दिवशी ब्रश घासताना पुटपुटले नाहीत.

मी टिपण ठेवलं. पहिला मंगळवार: बोलणं बत्तीस मिनिटं, काम आठ. दुसरा मंगळवार: बोलणं पंचवीस, काम सहा. मी लबाडी करून साहेबांशी झालेलं बोलणं 'कामात' घातलं तरी आकडे काही सावरेनात. नाना जाणार, हे मला दिसत होतं. आणि इतके दिवस त्यांच्या बडबडीला वैतागणारी मी, मलाच कसंसं व्हायला लागलं. मंगळवारी मला काय जेवलात विचारणारं दुसरं कोण होतं? आमच्या घरी तो प्रश्न मी विचारते.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, व्हायचं ते झालं. अकराला सुनावणी. दहाला अर्जाची शेवटची प्रत काढायची, आणि साहेबांच्या केबिनमधलं मशीन एकाएकी गायब. एकालाही उघडेना. मॅडमनी कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा हिंदीत सांगत होता, सर का सिस्टम ऑफलाइन दिखा रहा है, केबल चेक कीजिए. मी बावळटासारखं, सवयीने नानांना फोन लावला.

"साहेबांना बगितलं काय?"

"साहेब केबिनमध्ये आहेत, नाना. मशीन..."

"बगितलं काय, ते सांगा!"

"दार लोटलेलं आहे. आत्ताच तर गेलेत."

"उठा बाई!" नाना इतक्या मोठ्याने ओरडले की मॅडमनी त्यांच्या फोनवरून मान वर केली. "वायर सोडा, मशीन सोडा, आदी उठा! आत जा! जा म्हनतो ना!"

पाच वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी धावत गेले, दार ढकललं. आत साहेब डोळे मिटून, मान मागे टाकून खुर्चीत. गळ्याभोवती त्यांच्या मुलाने पाठवलेलं मान चोळायचं यंत्र घुर्र घुर्र करतंय, आणि त्याच्यासाठी साहेबांनी कॉम्प्युटरचा प्लग काढून खाली टाकलाय. "काय हो?" साहेब म्हणाले, "स्वर्ग आहे हा, स्वर्ग."

प्लग लावला, प्रत निघाली, सुनावणी वेळेवर झाली. नानांना मी लगेच सांगितलं, साहेब ठणठणीत आहेत, येऊ नका. तरीही ते आले. अर्ध्या तासात. रेवसहून अर्ध्या तासात कसे आले देव जाणे. शर्टाची बटणं वरखाली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. अशिलांनी भरलेल्या बाकड्यांमधून सरळ केबिनमध्ये गेले. साहेब नुकतेच कोर्टात निघायला उठत होते. नानांनी त्यांचा हात हातात धरला आणि नुसते उभे राहिले. अशिलं माना लांब करून बघतायत. "अहो नाना, मी बरा आहे," असं ते तीनतीनदा म्हणाले.

दुपारी मॅडमनी पत्र टाइप करायला सांगितलं. पत्र सभ्य होतं. आजवरच्या सेवेबद्दल आभार, यापुढे आवश्यकता नाही. "पोस्टाने पाठवू नका," मीच म्हटलं, "मी नेऊन देते." यात दया किती आणि चौकशी किती, खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

शनिवारी दुपारी रेवसला गेले. धक्क्यापासून आत, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीमागे, दोन खोल्यांचं घर. नाना एकटेच. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"पत्र आनलंय ना?"

"आणलंय."

"द्या मंग."

"देते. आधी बसू तर द्या."

बसले आणि बघतच राहिले. पुढच्या खोलीत खाटेजवळ एक जुनापुराणा कॉम्प्युटर. त्याची वायर भिंतीने वर चढून, दाराच्या वर पाडलेल्या भोकातून आत स्वयंपाकघरात गेलेली. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याशेजारी दुसरा कॉम्प्युटर. दोन खोल्या, दहा पावलांचं अंतर, आणि राहायला एक माणूस. मी पंचनामा. मला राहवतंय थोडंच? मी सरळ विचारलं, "नाना, हे कोणासाठी?"

"दादूससाठी," नाना म्हणाले. थोरला भाऊ त्यांचा. लाँचीवर तांडेल होता, म्हणजे लाँचीचा मुख्य. आवाज असा की लाँचीचा भोंगा बिघडला तरी कोणाचं अडायचं नाही. बायको लवकर गेली, नानांनी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात हे दोघे. मग बिड्यांनी घसा खाल्ला, ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला. मोबाइल दिला तर दोरखंड ओढून जाड झालेलं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडायचं. तेव्हा नानांनी कारखान्याच्या ऑफिसने मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर आणले. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, दोन्ही मशीनमध्ये एकच फाईल उघडी ठेवायची युक्ती शिकले, आणि दोघे भाऊ बोलायला लागले. त्या धडपडीतच नाना हे काम शिकले, आणि मग आमच्यासारख्यांचे फोन यायला लागले.

फाईलचं नाव 'वही'. नानांनी मला उघडून दाखवली.

'कोलंबी करपली.'

'करपली न्हाय. मसाला हाय.'

'मसाला काला नसतो.'

'उद्या तू कर.'

'मी आजारी हाय.'

'पंखा कमी कर.'

'उठून कर.'

'तुला कशाला ठेवलाय.'

तीनेक वर्षं असंच, पानंच्या पानं. मी हसत होते, नानाही हसत होते. "शिव्या मी पुसल्या त्यातल्या," म्हणाले. मग फाईल खाली खाली सरकत शेवटाला आली, आणि शेवटच्या दोन ओळी नानांच्याच होत्या. 'च्या ठेवू काय?' आणि त्याखाली, 'साखर किती?'

"सकालचे धा वाजले असतील," नाना म्हणाले. "मी आत होतो. लिवलं, उत्तर न्हाय. मंग साखरेचं लिवलं, ते मुद्दाम. साखरेवर गप बसनारा मानूस न्हवता तो. डबल साखर लागायची त्याला. तरी उत्तर न्हाय. मना वाटलं, लाईन गेली."

ते वायरीकडे बघत होते.

"वायर काडली. ब्रश मारला. परत लावली. तिकडच्या मशीनला चार हाका दिल्या, चारीला जवाब आला. मशीन जित्तं होतं. मंग परवानग्या तपासल्या. एकेक करून. अर्धा तास, बाई. अर्धा तास मी आत वायरी पुसत बसलो, नि तो हितं, हितं असा मान टाकून. धा पावलं यायला पायजे होती. मी त्याला वायरीत शोदत बसलो."

"नाना..."

"नेटवर्क ठीक होतं," नाना म्हणाले.

वायरीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "डाक्टर बोलले, लगेच आलो असतो तरी काय झालं नसतं. पन ते तसं बोलतातच."

मी रडले. लाज कसली त्यात? पदराने डोळे पुसत बसले, आणि पर्समधलं ते सभ्य पत्र मला दगडासारखं जड झालं. नाना उठले. "च्या ठेवतो. मंग द्या पत्र. मॅडमवर माजा राग न्हाय, त्यांचं बरोबरच हाय." आत जाताजाता दारात थबकले. "बाई, एक काम कराल? खाटेवर बसा, नि तिकडनं एक उत्तर द्या. तीन वर्सं झाली. लाईन चालू हाय का न्हाय, मना ठावंच न्हाय."

मी खाटेवर बसले. बटणांवरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, 'स' तर अर्धा उडालाच होता. आतून बटणं वाजली. मी वही बंद करून पुन्हा उघडली. शेवटच्या ओळीखाली नवी ओळ आली होती. 'साखर किती?'

मी विचार केला. विचार कसला, झाला होता तो. लिहिलं, 'एक चमचा. पत्र देणार नाही. मंगळवारी अकराला या. मॅडमना सगळं मी सांगते, तुम्ही नुसते या.' आणि जपून ठेवलं.

आतून काही आवाज येईना. बटणांचा नाही, भांड्यांचा नाही. एक मिनिट मी वाट पाहिली असेन, जास्त नाही. उठले आणि आत गेले.

नाना ओट्याला हात टेकून स्क्रीनसमोर उभे होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि पाणी केव्हाचं उकळत होतं. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी घाईघाईने तोंड फिरवलं, डब्यातून चहाची पूड टाकली.

"चालू हाय," म्हणाले. "लाईन चालू हाय, बाई."

मग साखरेचा डबा उघडला आणि न मोजता चमचे टाकत राहिले. तो चहा भयंकर गोड झाला होता. मी सगळा प्यायले.